बक्षीस, बोनस आणि कामाची गोडी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान, किरकोळ फेरफारांसह)



कामगारांना दिली जाणारी बक्षिसे आणि त्यांचा कामावर होणारा परिणाम या विषयावर मी चार शब्द बोलावे, अशी आज्ञा आपल्या चिटणिसांनी पत्राने केली, तेव्हा त्यामागील हेतूही त्यांनी आडपडदा न ठेवता कळविला होता. ज्ञातिबांधवांच्या कारखान्यांतून आणि दुकानांतून काम करणाऱ्या एका उत्कृष्ट कामगारास पुढील वर्षापासून मंडळातर्फे रोख पारितोषिक द्यावे, असा ठराव कार्यकारिणीपुढे आहे. त्याविषयी कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाचे मत ऐकावे, अशी ही योजना. कामगार कल्याण अधिकारी म्हणून मी तीस वर्षे नोकरी केली. मालक आणि मजूर यांच्या मधोमध ज्याची खुर्ची मांडलेली असते, त्याला दोन्हीकडचे बोल खावे लागतात. पण दोन्हीकडचे मनही थोडेफार कळते. तेवढ्याच भांडवलावर मी आज उभा आहे.

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांत तीन पिढ्यांपूर्वी हातमाग होता. पणजोबा मागावर बसत, पणजी कांड्या भरी, पोरे ताणा करावयास हात लावीत, आणि लुगडे उतरले की सावकाराकडून मजुरी मिळे. पुढे मागाचा खड्डा बुजला. कोणी सोलापूर-मुंबईच्या गिरण्यांत गेले, कोणी कारकून झाले, कोणी बँकेत चिकटले, आणि काहींनी स्वकष्टाने छोटेमोठे कारखाने उभारले. यामुळे या सभागृहात दिवाळीचा बोनस घेणारे आणि देणारे असे दोघेही शेजारी शेजारी बसले आहेत. माझे बोलणे दोघांनाही सर्वस्वी पसंत पडेल अशी मला आशा नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. जुन्या गावगाड्यात सुताराला आणि लोहाराला सुगीच्या दिवसांत बलुते मिळे. वर्षभरात किती नांगर दुरुस्त केले, किती फाळ शेवटले, याची मोजदाद त्यात नसे. खळ्यावरच्या पेंढ्यांवर त्याचा हक्क असे. त्या व्यवस्थेत अन्याय अतोनात होता, आणि सर्वांत कष्टाचे काम करणाऱ्यांच्या पदरी सर्वांत थोडे पडे, हे विसरून तिचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही. परंतु बलुते हा हक्क होता. याच्या उलट दिवाळीची पोस्त. टपालवाला, पहारेकरी, झाडूवाली दारी येत आणि धनी आपल्या खुशीने हातावर काही ठेवी. पोस्त मागता येई, तिच्यासाठी भांडता येत नसे. बक्षीस हा फारशीतून आलेला शब्दही याच जातकुळीचा. त्यात देणाऱ्याचे औदार्य आहे, घेणाऱ्याचा अधिकार नाही. आता मला असे दिसते की, बोनस आपल्याकडे पोस्त म्हणून जन्मास आला आणि बलुते होऊन बसला; आणि या स्थित्यंतराचा उमज न पडल्यामुळेच त्याविषयी निम्मी भांडणे झाली.

१९१७ साली अहमदाबादेत प्लेगाची साथ आली. माणसे शहर सोडून पळू लागली, तर गिरण्या चालवायच्या कशा, या विवंचनेने मालकांनी जे कामावर राहतील त्यांना ‘प्लेग बोनस’ देऊ केला. काहींच्या बाबतीत तो पगाराच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत गेला होता. साथ ओसरली आणि १९१८ च्या आरंभी मालकांनी तो बंद केला. त्यांच्या दृष्टीने यात वावगे काहीच नव्हते. संकटापुरती दिलेली ती पोस्त होती. मजुराच्या घरी मात्र दरम्यान महायुद्धाची महागाई शिरली होती आणि त्या पैशावर चूल पेटू लागली होती. मजुरांनी पगारात ५० टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांच्या पुढे सरकेनात. महात्मा गांधींनी चौकशी करून ३५ टक्क्यांची मागणी योग्य ठरविली. मजुरांच्या बाजूने अनसूयाबेन साराभाई आणि मालकांचे पुढारी त्यांचेच सख्खे बंधू अंबालाल साराभाई, असा तो विलक्षण सामना होता. टाळेबंदी, गांधीजींचे उपोषण आणि शेवटी आनंदशंकर ध्रुव यांची लवादी, या क्रमाने प्रकरण मिटले आणि ध्रुवांनी ३५ टक्केच मान्य केले.

मुंबईतही तोच पाठ गिरविला गेला. १९१७ च्या जुलैपासून तेथील कापड गिरण्यांनी पगाराच्या १० टक्के युद्ध बोनस सुरू केला, पुढच्या वर्षी तो १५ टक्के केला. युद्धोत्तर तेजीत नफा उदंड झाला, तेव्हा वर्षाकाठी एका महिन्याच्या पगाराइतका बोनस सलग काही वर्षे वाटण्यात आला. नंतर मंदी आली आणि १९२३ सालचा बोनस मालकांनी नाकारला. १९२४ च्या आरंभी दीड लाखांहून अधिक गिरणी कामगार घरी बसले. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि बोनसवर कामगारांचा कायद्याने बजावता येईल असा कोणताही हक्क नाही, असा निर्वाळा त्या समितीने दिला. कायद्याच्या चौकटीत तो बरोबरही असेल. परंतु चार वर्षे दर वर्षी हाती आलेली रक्कम पाचव्या वर्षी ‘आमची मर्जी’ म्हणून काढून घेतली, तर ज्याच्या मुलीचे लग्न त्या पैशावर ठरले आहे, त्याला ती लुबाडणूक वाटणारच. माणूस पगार बारा महिन्यांचा मोजत नाही. हाती येते ते सारे मोजतो.

अखेर कायद्यालाही हे मान्य करावे लागले. १९५० साली श्रम अपील न्यायाधिकरणाने मुंबईच्या गिरण्यांच्याच खटल्यात नफ्यातून घसारा, यंत्रांची पुनर्भरणी आणि भांडवलावरील परतावा वजा जाता जे उरेल त्यात कामगारांचा वाटा आहे, असे सूत्र घालून दिले. १९६५ साली बोनसचा कायदा झाला. त्यात किमान ४ टक्के आणि कमाल २० टक्के अशी मर्यादा होती. पुढे किमान दर ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बरोबर बारावा हिस्सा झाला. नफा असो वा तोटा, तेवढा द्यावाच लागतो. २०१९ च्या वेतन संहितेतही ही तरतूद कायम ठेवली गेली. पोस्तीचे बलुते झाले ते असे.

आता आपल्यातील मालकवर्गाची एक तक्रार मी शेकडो वेळा ऐकली आहे: “एवढा बोनस दिला, तरी काम तसूभर वाढत नाही.” मी त्यांना विचारतो, की वाढावे कसे? जो पैसा चांगल्या कामगाराला आणि कामचुकाराला एकाच टक्क्याने मिळतो, तो मिळणार हे दोघांनाही दसऱ्यापूर्वीच ठाऊक असते. तो दिला म्हणून कोणी अधिक राबत नाही. न दिला तर मात्र सारेच हात आखडतात. तो न्याय्य वाटा आहे, आणि वाटा म्हणूनच हसतमुखाने द्यावा. रेल्वेने १९७९-८० पासून ‘उत्पादकतेशी निगडित’ असे नाव देऊन बोनस सुरू केला. आणि २०११-१२ पासून तो सलग अनेक वर्षे ७८ दिवसांच्या वेतनाइतकाच निघत राहिला. उत्पादकता इतकी शिस्तीने एका आकड्यावर उभी राहिलेली मी अन्यत्र पाहिलेली नाही.

तर मग पैशाने काम वाढतच नाही काय? असे म्हणणेही खरे नव्हे. अमेरिकेत मोटारींच्या काचा बसविणारी सेफलाइट नावाची कंपनी आहे. १९९४-९५ च्या सुमारास तिने तासाचा पगार सोडून बसविलेल्या काचेमागे मजुरी देण्यास आरंभ केला. एडवर्ड लेझिअर या अर्थशास्त्रज्ञाने तिचे हिशेब तपासून २००० साली लिहिले, की दर माणशी काम ४४ टक्क्यांनी वाढले. त्यातील सुमारे निम्मी वाढ तीच माणसे अधिक झटू लागल्यामुळे होती. उरलेली मुख्यतः चपळ माणसे टिकल्यामुळे आणि नवी येऊन मिळाल्यामुळे. पण त्या योजनेतील दोन गोष्टी आपल्याकडचे अनुकरण करणारे सोयीस्करपणे वगळतात. एक म्हणजे, काम कमी निघाले तरी ठराविक वेतनाची हमी होती. दुसरी, बसविताना चूक होऊन काच फुटली, तर ती ज्याची त्याने बिनमजुरीने पुन्हा बसवावी लागे. म्हणजे घाईचा तोटा घाई करणाऱ्याच्याच अंगावर येई, आणि घाई केली नाही म्हणून कोणाची उपासमारही होत नसे.

आपल्या देशातलेही एक उदाहरण देतो. उदयपूर जिल्ह्यातील खेड्यांत ‘सेवा मंदिर’ ही संस्था एकशिक्षकी शाळा चालवीत असे. शिक्षक वारंवार गैरहजर. २००३ साली काही शाळांत शिक्षकांना कॅमेरे देण्यात आले. शाळा भरताना आणि सुटताना मुलांसह छायाचित्र घ्यावयाचे, त्यावर वेळ आपोआप उमटे, आणि भरलेल्या दिवसांवर पगार ठरे. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली, आणि मुलांच्या अभ्यासातही सुधारणा दिसली. येथे बक्षीस यशस्वी झाले, कारण जे हवे होते तेच मोजले गेले. शिक्षक शाळेत असणे, हीच तेथली पहिली उणीव होती.

उलट बाजूचा अनुभवही आपल्याच देशातील आहे. डॅन एरिएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मदुराईजवळच्या खेड्यांत लोकांना स्मरणाचे, नेमाचे आणि हातचलाखीचे काही खेळ खेळावयास लावले. चांगले खेळल्यास एका खेळामागे कोणाला ४ रुपये, कोणाला ४० आणि कोणाला ४०० रुपयांपर्यंत मिळणार होते. सहा खेळ मिळून ४०० रुपयांच्या गटातील माणसाला तेथल्या जवळजवळ पाच महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम जिंकता येत होती. २००९ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. सर्वांत मोठ्या बक्षिसाच्या गटाची कामगिरी सर्वांत वाईट झाली. पाच महिन्यांचे धान्य एका चेंडूच्या फेकीवर लागले, की हात थरथरू लागतो. परीक्षेला बसलेल्या आपल्या मुलांकडे पाहून हे प्रत्येक आईला प्रयोगावाचूनही सांगता आले असते.

मुलांवरून आठवले म्हणून सांगतो. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी अमेरिकेतील एका शिशुशाळेत चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालकांपैकी काहींना ‘चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र देऊ’ असे आधी सांगितले. एक-दोन आठवड्यांनी पाहतात तो, ही मुले आपण होऊन चित्रे काढण्यात इतर मुलांच्या निम्माच वेळ घालवीत होती. ज्यांना न सांगता अवचित प्रशस्तिपत्र दिले, त्यांची आवड मात्र उतरली नव्हती. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आपण दर वर्षी करतो, तो बंद करा असे मी म्हणत नाही. पण पंच्याण्णव टक्क्यांना सायकल आणि नव्वदला घड्याळ, असा भाव घरोघर ठरतो, तो ऐकून मला धास्ती वाटते.

हे सर्व पुस्तकांतून मिळण्याजोगे आहे. आता जे मी डोळ्यांनी पाहिले ते सांगतो, आणि ते सांगण्यासाठीच मी चिटणिसांना होकार दिला. कारखान्याचे नाव घेत नाही.

मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात पत्रा दाबून कापणारी पॉवर प्रेसची एक ओळ होती. प्रेस खाली येताना कामगाराचे दोन्ही हात बाहेर असावेत, म्हणून तीवर दोन कळी बसविलेल्या असत. दोन्ही हातांनी दोन्ही कळी एकाच वेळी दाबल्यावाचून प्रेस पडत नसे. भिंतीवर मोठ्या तांबड्या अक्षरांत ‘सुरक्षितता प्रथम’ असे लिहिले होते. व्यवस्थापनाने तेथे नगावर बक्षीस लावले. पाळीत ठराविक नग झाले की त्यापुढील प्रत्येक नगास पैसे, आणि पाळीचे एकूण नग वाढले की देखरेख करणाऱ्यालाही त्यातील अंश. पहिल्याच महिन्यात उत्पादन असे उसळले की मालकांनी पेढे वाटले. दुसऱ्या महिन्यात मूळचा ठराविक आकडा वाढविण्यात आला, कारण तो आता ‘सहज निघतो’ असे सिद्ध झाले होते. नगावर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाची ही जुनी भीती आहे: अधिक काम दाखवावे, तर उद्या तेवढेच काम मूळ पगारात मागतील. यंत्रमागाच्या गावी पिकांवर आणि मीटरवर मजुरीचे करार करणाऱ्या आपल्या बांधवांना हे मी शिकवावयास नको.

तेव्हा पोरांनी युक्ती काढली. एका कळीवर पत्र्याची पट्टी खोचून ती कायमची दाबून ठेवावयाची. मग एक हात मोकळा राहतो, त्याने नग उचलता येतो, आणि पाळीत दोन-तीनशे नग सहज वाढतात. देखरेख करणाऱ्याला ते दिसत होते. परंतु त्याचाही अंश त्याच नगांत होता. एका रात्रपाळीत, पहाटे साडेचारच्या सुमारास, बावीस वर्षांच्या एका मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटे प्रेसखाली गेली.

चौकशी झाली. कागदावर कारण लिहिले गेले: कामगाराचा निष्काळजीपणा. मी त्या कागदाला एक टिपण जोडले आणि त्यात बक्षिसाच्या दरांचा तक्ता मांडला. भिंतीवर ‘सुरक्षितता प्रथम’ लिहिले होते आणि पगारपत्रकावर ‘वेग प्रथम’ लिहिले होते. मुलाला दोन्ही वाचता येत होते. मालकांच्या मनात खरोखर काय आहे, हे माणूस पगारपत्रकावरूनच ओळखतो.

यापुढची हकीगत सांगताना मला अजूनही संकोच होतो. मुलगा राज्य विम्याच्या रुग्णालयात असता त्याचे वडील माझ्याकडे आले. खेड्यातले शेतकरी, हातात टोपी. त्यांनी नुकसानभरपाई विचारली नाही. त्यांनी विचारले, “साहेब, त्याचे हजेरीचे बक्षीस तरी या महिन्याला मिळेल ना?” महिन्यात एकही दिवस न चुकविणाऱ्यास हजेरीचे बक्षीस मिळे, आणि त्यावर घरी कसलासा हप्ता ठरला होता. नियमाप्रमाणे ते मिळत नव्हते. अपघातानंतरचे दिवस तो कामावर नव्हता. नियम करणाऱ्यांनी लबाडी केली होती असे नव्हे. कामावर असताना बोट तुटणे ही गोष्ट त्यांच्या तक्त्यात कोठे बसतच नव्हती. रदबदली करून ते पैसे मी मिळवून दिले. पण तेव्हापासून ‘शंभर टक्के हजेरी’ या बक्षिसाविषयी माझे मन साफ नाही. त्यापायी तापाने फणफणलेली माणसे यंत्रापुढे उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

नंतर त्या खात्यात पद्धत बदलली. मूळ पगार वाढविला, नगाचे बक्षीस काढून त्याऐवजी संपूर्ण ओळीला, तपासणीत उतरलेल्या चांगल्या नगांवर आणि कळी-पट्टीचा प्रकार आढळला नाही तरच, महिन्याअखेर एक रक्कम वाटण्याचे ठरले. उत्पादन उतरले आणि पूर्वीच्या उच्चांकाच्या जरा खालीच स्थिरावले. नापास माल कमी झाला. मालक काही दिवस माझ्याशी तुटक वागले. प्रेसखाली पुन्हा कोणाचे बोट गेले नाही, निदान मी होतो तोपर्यंत.

पांढरपेशांनी हे परके दुःख समजू नये. कचेरीतील कामात बोटे जात नाहीत, विश्वास जातो. वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेने कारकुनांना खाती उघडण्याचे असे उद्दिष्ट लावले, की त्यांनी ग्राहकांच्या संमतीवाचून लाखो खाती उघडली. २०१६ साली बँकेला १८ कोटी ५० लाख डॉलरांचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० नोकर काढले गेल्याचे बाहेर आले. आपल्यातील जे बँकांत आहेत आणि ठेव ठेवण्यास आलेल्या म्हाताऱ्याला विम्याचा कागद पुढे करावा लागतो, त्यांना मी अधिक काय सांगू?

तेव्हा एकट्याच्या गळ्यात पैशाची माळ घालण्यापेक्षा काही चांगले आहे काय? मला तरी अहमदाबादच्या कॅलिको गिरणीतील प्रयोग फार बोलका वाटतो. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथे आले. स्वयंचलित माग आणूनही विणकाम अपेक्षेप्रमाणे निघत नव्हते आणि कापडात दोष फार राहत होते. राइस यांनी पाहिले, की काम बारा प्रकारच्या माणसांत चिरफाळले आहे. विणकराकडे अमुक इतके माग, कांड्या भरणाऱ्याकडे निराळ्या संख्येचे, तुटलेला ताणा सांधणाऱ्याकडे आणखी निराळे. कोणाचे कोणाशी जमावे, याला धरबंधच नाही. माग थांबला तर दोष कोणाचा, हेही कळत नसे. त्यांनी सुचविले, की मागांचा एक निश्चित गट माणसांच्या एका लहान तुकडीकडे द्यावा आणि तिने आपले काम आपसांत वाटून घ्यावे. ही सूचना कामगारांनी इतक्या झटपट उचलली, की तुकड्यांची जुळवाजुळव त्यांनी स्वतःच केली. आरंभीचे काही दिवस कामाची घडी विस्कटली. नंतर उत्पादन वाढले आणि सदोष कापडाचे प्रमाण घटले. विणकराच्या वंशात जन्मल्यामुळे मला यात नवल वाटले नाही. ताणा करणारी पोरे, कांड्या भरणारी पणजी आणि मागावरचे पणजोबा, ही एक तुकडीच होती. आणि कोणाचा धागा कोठे तुटला हे घरात सर्वांना ठाऊक असे.

भगिनीवर्गासाठी एक गोष्ट राहिली. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला दिवाळीत महिन्याचा पगार जादा देण्याची चाल शहरांतून रुळली आहे, ती उत्तम आहे. पण तो देताना “यंदा खाडे फार झाले तुझे” म्हणून त्यातून कापून घेणे, ही चाल काही घरांत मी पाहतो. तो जर वाटा असेल, तर कापू नये. बक्षीस असेल, तर ते कशाचे, हे पाडव्यापासूनच तिला सांगून ठेवावे. वर्षभर मौन आणि दिवाळीला हिशेब, हा न्याय आपण आपल्या साहेबाकडून सहन करीत नाही.

आता ठरावाकडे वळतो. उत्कृष्ट कामगारास रोख पारितोषिक द्यावे काय? ठरावात ‘सर्वाधिक उत्पादन देणारा’ असे शब्द आहेत, ते गाळावेत अशी माझी पहिली विनंती आहे. नग मोजण्यास मालक समर्थ आहेत. त्यासाठी मंडळाची आवश्यकता नाही. दुसरी विनंती, पारितोषिक एका माणसास न देता एखाद्या खात्यातील किंवा दुकानातील संपूर्ण तुकडीस द्यावे. रक्कम थोडी कमी पडली तरी हरकत नाही, पण तुकडीतील प्रत्येकाचे नाव या स्मरणिकेत छापावे, झाडणाऱ्यासुद्धा. आणि ते कोणास मिळणार याची जाहिरात आधी करू नये. वर्षभर चांगले काम पाहून अवचित हाक मारावी.

तिसरी विनंती मालकमंडळींना कडू लागेल. शिफारशीचा जो अर्ज छापला जाईल, त्यात मालकाच्या सहीखाली कामगारांपैकी दोघांच्या सह्यांस जागा असावी, आणि दोन प्रश्न विचारलेले असावेत. गेल्या वर्षभरात येथे किती जणांना दुखापत झाली? ज्याला झाली, त्याचा त्या महिन्याचा पगार किती निघाला? या दोन रकान्यांत जे काही लिहिले जाईल ते कार्यकारिणीने प्रथम वाचावे, आणि उत्पादनाचे आकडे नंतर. अर्जाचा मसुदा मी चिटणिसांकडे देऊन ठेवला आहे. महिनाभर तो मंडळाच्या कचेरीत पाहावयास मिळेल. सूचना लेखी द्याव्यात, आणि त्या देणाऱ्यांत कामगार बांधवही असावेत, एवढी इच्छा आहे.